जुना वायरवाला लॉन मोअर: ओळख, तपासणी आणि पहिली कापणी

अमेरिकेच्या ईशान्येला एप्रिल उजाडला की गराज सेल आणि इस्टेट सेलमध्ये जुने विजेचे लॉन मोअर, म्हणजे हिरवळ कापायची यंत्रं, दिसू लागतात. बॅटरीवाले नव्हेत, एक्स्टेन्शन कॉर्ड जोडून चालवायचे. साधारण १९६० ते १९९० या काळातले. किरकोळ किमतीत मिळतात, कधी तर ‘फ्री’ अशी चिठ्ठी लावून कर्बवरच, म्हणजे रस्त्याच्या कडेला, ठेवलेले असतात. गॅस (म्हणजे इथलं पेट्रोल) नको, ऑइल नको, हिवाळ्यानंतर कार्ब्युरेटर उघडून बसणं नको. न्यू जर्सीतल्या टाउनहाउसमागच्या किंवा छोट्या प्लॉटवरच्या हिरवळीला असं मशीन पुरून उरतं. फक्त ते कोणत्या काळातलं आहे, हे प्लग लावण्याआधी ठरवावं लागतं. वय कळलं की त्यात कोणती सुरक्षा मुळात बसवलेलीच नाही हे कळतं, आणि तपासणी काय करायची, चालवताना कशाला जपायचं, हे त्यावर ठरतं.

नेमप्लेट बहुतेक वेळा मोटरच्या टोपणावर किंवा डेकच्या (पात्यावरच्या आवरणाच्या) मागच्या कडेला असते. पत्र्याची असेल तर भांड्यांचा साबण, कोमट पाण्याचं फडकं आणि जुना टूथब्रश एवढ्यावर काम होतं. चंदेरी कागदाचं लेबल असेल तर घासू नका, छपाई हाताला येते. त्यापेक्षा मोबाइलचा टॉर्च लेबलाला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा आणि फोटो काढायचा; पुसट झालेले ठोकीव आकडे सावलीमुळे वाचता येतात.

त्या प्लेटवर उत्पादनाचं साल सहसा नसतं, तरी साल काढता येतं. कंपनीच्या पत्त्यात ‘शिकागो ५०, इलिनॉय’ असा गावानंतर एक-दोन आकडी झोन दिसला तर प्लेट बहुधा १९६३ च्या आधी छापलेली आहे, कारण पाच आकडी झिप कोड (तिथला पिनकोड) १ जुलै १९६३ पासून आले. पेटंट क्रमांकांची यादी असेल तर तीतला सर्वांत मोठा आकडा बघायचा. तीस लाखावं अमेरिकी पेटंट सप्टेंबर १९६१ मध्ये दिलं गेलं, पस्तीस लाखांचा टप्पा १९७० मध्ये आला आणि चाळीस लाखांचा डिसेंबर १९७६ मध्ये. मशीन त्या आकड्याच्या सालाआधीचं असू शकत नाही; नंतरचं मात्र कितीही असू शकतं, कारण जुन्या प्लेटा संपेपर्यंत वापरल्या जात. ‘६० हर्ट्झ’ऐवजी ‘६० सायकल’ असं लिहिलेलं दिसलं तर मशीन बहुधा १९७० नंतरचं नाही.

यापेक्षा पक्की खूण मात्र हँडलवर असते. ३० जून १९८२ नंतर बनलेल्या, मागून ढकलायच्या प्रत्येक रोटरी (आडवं पातं गरगर फिरणाऱ्या) मोअरला अमेरिकेत कायद्याने एक नियम लागू झाला: हँडलवरचा हात सोडला की पातं तीन सेकंदांच्या आत थांबलं पाहिजे. म्हणून त्यानंतरच्या मशीनवर हँडलला समांतर अशी एक दाबून धरायची दांडी असते आणि ग्राहक सुरक्षा आयोगाचे नियम पाळल्याचं लेबल असतं. दांडी नाही, नुसताच खालीवर करायचा स्विच आहे, म्हणजे त्या तारखेआधीचं. अशा मशीनमधून हात काढला, तुम्ही घसरून पडलात, फोन घ्यायला वळलात, तरी पातं फिरतच राहतं. स्विच बंद केल्यावरही ते आपल्या गतीनेच थांबतं. जुन्या मोअरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

कंपनी ओळखणं त्या मानाने सोपं. सनबीम शिकागोची, ब्लॅक अँड डेकर मेरीलँडमधल्या टाउसनची. दोघांनीही एकाऐवजी दोन लहान पात्यांची मशीन विकली, आणि हँडल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पलटता येतं अशीही. ब्लॅक अँड डेकरच्या प्लेटवर मॉडेल क्रमांकाशेजारी ‘टाइप १’, ‘टाइप २’ असं लिहिलेलं असतं. ते सोडून नुसत्या मॉडेलवर सुटा भाग मागवला तर स्विच किंवा पात्याचा स्पेसर (पातं आणि मोटर यांच्यातला तुकडा) दुसऱ्याच आवृत्तीचा येऊ शकतो. सीअर्सच्या क्राफ्ट्समन मोअरचं प्रकरण वेगळं. सीअर्स स्वतः बनवत नसे, दुसऱ्यांकडून बनवून घेई, आणि मॉडेल क्रमांकातले टिंबाआधीचे तीन आकडे खरा कारखाना सांगतात: ९१७ म्हणजे रोपर, २४७ म्हणजे एमटीडी. सुटे भाग शोधताना क्राफ्ट्समन या नावापेक्षा हे तीन आकडे जास्त उपयोगी पडतात.

मग मोटर कोणती ते बघायचं, कारण तपासणीची पद्धत त्यावर बदलते. प्लेटवर ‘एसी-डीसी’ असेल आणि मोटरच्या दोन बाजूंना समोरासमोर स्क्रूची काळी टोपणं असतील तर ती कार्बनवाली (फिरत्या भागाला घासून वीज देणारे कार्बनचे ठोकळे असलेली) सिरीज मोटर, मिक्सरमध्ये असते तीच जात. कार्बन आहेत पण आत चार डायोडचा ब्रिजही आहे, तर ती चुंबकवाली डीसी मोटर. कार्बन कुठेच नाहीत, मोटर चांगलीच जड आहे आणि प्लेटवर ३४५० आरपीएमच्या आसपास आकडा आहे, तर ती इंडक्शन. ती सर्वांत कमी कुरकुर करते, मात्र व्होल्टेज पडलं की सुरूच होत नाही, नुसती घुंघुं करत तापते.

दोन लहान पात्यांमागचं कारण हिशोबातच आहे. १८ इंचाचं एक पातं ३६०० आरपीएमने फिरलं तर टोकाचा वेग मिनिटाला सुमारे १७,००० फूट होतो, म्हणजे ताशी ३१० किलोमीटर. नऊ इंचाच्या पात्याला तोच वेग गाठायला ७२०० आरपीएम लागतात, आणि लहान सिरीज मोटरला जास्त आरपीएम देणं सोपं जातं. शिवाय हलकं पातं सुरू करताना करंटचा झटकाही कमी बसतो. पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये दोन पात्यांची वर्तुळं एकमेकांत शिरत असतील तर पट्टा दातेरी असतो आणि पाती एकमेकांशी काटकोनात बसवलेली असतात. पट्टा एक दात जरी सरकला तरी पाती एकमेकांवर आदळतात. म्हणून पट्टा काढण्याआधी दोन्ही पुलींवर आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगाची खूण करायची.

आता तपासणी. सुरुवात वायरपासून, कारण जुन्या मोअरमधली बहुतेक दुखणी तिथेच निघतात. मशीनमधून बाहेर आलेली छोटी वायर चिमटीत धरून इंचाइंचाने वाकवत जायचं. रबरी वायर असेल तर वाकवताच बारीक भेगा दिसतात, विशेषतः जिथे ती हँडलच्या क्लिपमध्ये शिरते आणि जिथे मोटरच्या टोपणात जाते. भेग दिसली की टेप लावायचा नाही. पूर्ण वायर बदलायची. नव्या वायरीवर एसजेटीडब्ल्यू किंवा निदान शेवटी डब्ल्यू असलेलं अक्षरांकन हवं, तो बाहेर उन्हापावसात वापरायचा दर्जा. अमेरिकेत काळी वायर लाइन (फेज), पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ (अर्थिंग). भारतातल्या जुन्या लाल-काळ्याच्या सवयीने काळीला न्यूट्रल समजणारे हुशार लोक पाहिले आहेत, म्हणून हे लिहिलं.

डेक धातूचा आणि प्लग तीन पिनांचा असेल तर अर्थची पिन शाबूत आहे का बघा. जुन्या घरांत दोन भोकांचे सॉकेट असत, आणि ती पिन कुणीतरी पक्कडीने तोडलेली सर्रास सापडते. पिन असली तरी मल्टिमीटरने पिन आणि डेकचा रंग खरवडलेला भाग यांच्यातला रेझिस्टन्स मोजायचा. अर्ध्या ओमच्या आत हवा. डेक प्लॅस्टिकचा, प्लग दोन पिनांचा आणि प्लेटवर चौकोनात चौकोन किंवा ‘डबल इन्सुलेटेड’ असेल तर अर्थिंग नसणं बरोबर आहे. पण मग इन्सुलेशनचे दोन्ही थर जागेवर असलेच पाहिजेत, आणि त्यातला एक थर अशा ठिकाणी असतो जिथे कुणी बघत नाही.

ती जागा पात्याच्या मागे आहे. दुहेरी इन्सुलेशनच्या मोअरमध्ये पातं थेट मोटरच्या दांड्यावर बसत नाही. मध्ये जाड प्लॅस्टिकचा स्पेसर असतो, बहुधा काळा किंवा करडा, कधी थंड हवेच्या पंख्याशी एकजीव केलेला. त्याचं काम नुसतं अंतर राखण्याचं नाही. मोटरच्या आत काही बिघडून दांड्यात वीज आली तरी पात्यात आणि पात्याला चिकटलेल्या ओल्या गवतात ती उतरू नये, यासाठी तो आहे. पातं धार लावायला काढलं आणि परत लावताना ‘एक वॉशर उरला’ म्हणून हा स्पेसर डब्यात टाकलेली मशीन विक्रीला येतात. स्पेसर हातात घेऊन उजेडात बघा. भोकाभोवती केसासारखी चीर, पात्याने खाल्लेली खाच किंवा वितळलेला काठ दिसला तर तो बदलायचा. धातूचा वॉशर घालून वेळ मारून न्यायची नाही. मूळ भाग मिळत नसेल तर मशीन तिथेच सोडून द्यावं, बाकी सगळं चकाचक असलं तरी.

इन्सुलेशन मोजायला मल्टिमीटर पुरत नाही, त्याची बॅटरी फार कमी व्होल्टची. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर, हवा. प्लगच्या दोन्ही पिना तांब्याच्या तारेने एकत्र जोडायच्या, स्विच चालू स्थितीत ठेवायचा, आणि मेगर त्या जोडलेल्या पिना व डेक किंवा पात्याचा बोल्ट यांच्यात लावायचा. पिना जोडल्यामुळे आतल्या डायोडवर व्होल्टेज पडत नाही. न जोडता मेगर मारला तर डायोड जाऊ शकतात. अर्थवाल्या मशीनला किमान २ मेगाओम, दुहेरी इन्सुलेशनवाल्याला ७ मेगाओम धरतो. तळघरात पडून राहिलेलं मशीन ओलाव्यामुळे कमी दाखवतं. कोरड्या उन्हात दोन दिवस ठेवून पुन्हा मोजावं. तरीही वर येत नसेल तर आत कार्बनची काळी पूड साचलेली असते. ती ब्रश आणि व्हॅक्यूमने काढायची, कॉम्प्रेसरने फुंकली तर ती वाइंडिंगच्या आणखी आत जाते.

पहिल्यांदा वीज देताना आपल्याकडच्या वायरमनचा सिरीज बोर्ड इथेही तेवढाच कामाचा. १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब मशीनशी सिरीजमध्ये लावायचा, एलईडी चालत नाही. पातं काढलेलं हवं. काहीही शॉर्ट असलं तरी करंट एक अँपिअरच्या आतच राहतो. कार्बनवाली मोटर ठीक असेल तर बल्ब क्षणभर लखकन पेटतो, मग मंद होतो आणि मोटर हळू फिरते. बल्ब पूर्ण तेजाने पेटलेलाच राहिला आणि मोटर हलली नाही तर शॉर्ट किंवा जाम बेअरिंग. इंडक्शन मोटर मात्र या चाचणीत सहसा हलत नाही, बल्ब उजळ राहतो. तेवढ्यावरून तिला बाद ठरवू नये. सिरीज मोटरला पात्याशिवाय थेट १२० व्होल्ट देऊ नका. भार नसला की तिचा वेग बेसुमार वाढतो आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) उसवू शकतं.

कार्बन सहा मिलिमीटरपेक्षा आखूड असतील तर बदलायचे. जुने परत घालायचे असतील तर कोणता कोणत्या बाजूचा आणि कोणतं तोंड कुठे, याची खूण करून मगच काढा. कम्युटेटरच्या (आर्मेचरवरच्या तांब्याच्या कड्याच्या) गोलाईवर ते बसलेले असतात, उलटे घातले की ठिणग्या उडतात. अचूक माप मिळालं नाही तर थोडा मोठा कार्बन सपाट कानशीवर घासून बसवता येतो, होल्डरमध्ये तो अडकता कामा नये. कम्युटेटर तपकिरी दिसत असेल तर तो तसाच चांगला. काळाकुट्ट आणि खरबरीत असेल तर बारीक काचपेपर. एमरी नको, तिचे कण वीजवाहक असतात. चालताना कार्बनच्या कडेला निळसर बारीक ठिणग्या चालतात. कम्युटेटरला पूर्ण वेढा घालणारी पिवळी आग दिसली तर आर्मेचरचं वाइंडिंग गेलेलं आहे, आणि तिथे खर्च करण्यात अर्थ नाही.

जीएफसीआय सॉकेट म्हणजे गळती होताच वीज तोडणारं सॉकेट. ते पाच मिलिअँपच्या आसपास उडतं, आणि जुन्या मोअरने ते वारंवार उडतं. लोक वैतागून स्वयंपाकघरातल्या किंवा गराजच्या साध्या सॉकेटला वायर लावतात. तसं करू नये. ते कधी उडतं यावरून दुखणं सापडतं. स्विच बंद असताना नुसता प्लग लावताच उडालं तर वायर किंवा रेडिओतली खरखर घालवायला बसवलेला जुना कपॅसिटर. स्विच चालू करताच उडालं तर मोटर. दहा-पंधरा मिनिटं कापल्यावर उडालं तर ओलं गवत, कार्बनची पूड किंवा तापल्यावर फुटणारं इन्सुलेशन. दोन्ही पिना सारख्या रुंदीच्या असलेला जुना प्लग उलटसुलट बसतो, आणि एका बाजूने उडतं, दुसऱ्या बाजूने नाही, असंही होतं. तो प्लग बदलून एक पिन रुंद असलेला बसवावा, आणि स्विच लाइनच्या बाजूला येईल अशी जोडणी करावी.

एक्स्टेन्शन कॉर्डवर पैसे वाचवणं हा मोटर जाळायचा हमखास मार्ग. अमेरिकी मापात गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. १२ अँपिअरचा मोअर १०० फुटांच्या १६ गेज कॉर्डवर चालवला तर तारेतच साडेनऊ व्होल्ट जातात, म्हणजे आठ टक्के. १४ गेजवर सहा व्होल्ट, १२ गेजवर चारपेक्षा कमी. म्हणून ५० फुटांपर्यंत १६ गेज चालतं, १०० फुटांना १४, त्यापुढे १२. दोन कॉर्ड जोडायच्या असतील तर जोडाशी एक सैल गाठ मारा, नाहीतर ऐन मध्यावर ओढ बसून ती सुटते. रीळवर गुंडाळलेली कॉर्ड पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली तापते.

पात्याची धार वस्तऱ्यासारखी नको. साधारण ३० अंशांचा मूळ उतार राखून सपाट कानशीने एकाच दिशेने घासायचं. पातं काढताना प्लग सॉकेटमधून काढून आपल्या नजरेसमोर ठेवायचा आणि डेकमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवायचा. पात्यावर ‘गवताची बाजू’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. ती खाली येतात. धार झाल्यावर मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून तोल बघायचा. जी बाजू खाली जाते तिच्या मागच्या कडेचं लोखंड घासून कमी करायचं, धारेचं नव्हे. तोल नसलेलं पातं आधी हँडलला मुंग्या आणतं आणि काही महिन्यांत बेअरिंग खातं. गॅसच्या मोअरचं जाड पातं ‘भोक जुळतंय’ म्हणून लावायचं नाही. वजन जास्त, मोटरवर भार जास्त, आणि स्पेसर त्यासाठी बनवलेला नसतो.

कापायला दव वाळल्यावर निघायचं. न्यू जर्सीकडे लॉनमध्ये केंटकी ब्लूग्रास आणि फेस्क्यू असतात, उंची तीन इंच ठेवली तर साडेचार इंचांवर कापायची वेळ झाली. एका खेपेला एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. मे महिन्यात यासाठी आठवड्यातून दोनदा उतरावं लागतं. गवत गुडघ्याकडे निघालं असेल तर चाकं सर्वांत वरच्या खाचेत टाकून, अर्ध्याच रुंदीने आधी कापायचं. प्लगमध्ये लावायचा करंट मीटर असेल तर प्लेटवरच्या अँपिअरच्या पुढे काटा राहिला की ढकलायचा वेग कमी करा. मीटर नसेल तर आवाज ऐका. सूर खाली आला की मोटर दमते आहे.

वायर सांभाळायची रीत एकच: सॉकेटच्या जवळून सुरुवात, आणि कापणीचा प्रत्येक पट्टा सॉकेटपासून थोडा दूर. वायर नेहमी कापून झालेल्या बाजूला पडली पाहिजे. हँडल पलटणारं मशीन असेल तर पट्ट्याच्या शेवटी मशीन वळवायचं नाही, हँडल पलटून उलट यायचं. वायर त्याच बाजूला राहते, तिला पीळ पडत नाही. न पलटणाऱ्यात वळताना मशीनचं तोंड वायरीपासून दूर फिरवायचं. कॉर्ड हँडलच्या हुकात अडकवलेली हवी, नाहीतर ओढ थेट प्लगवर येते. उतारावर आडवंच चालायचं. मशीन आपल्याकडे ओढत मागे सरकणं टाळावं. पाय आणि वायर दोन्ही डेकखाली येण्याची ती वेळ.

काम झालं की आधी सॉकेटमधून प्लग, मग डेकची खरवड, लाकडी पट्टीने. नळाखाली धुवायचं नाही. ॲल्युमिनिअमच्या डेकला ओलं गवत चिकटून राहिलं तर महिन्याभरात पांढरी भुकटी धरते. पात्याच्या मागे दांड्याभोवती गुंडाळलेलं गवत आणि दोरे कात्रीने कापून काढा, ते बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतात. बेअरिंग घरघरत असेल तर त्याच्या कडेवर ६२०२, ६२०३ असा क्रमांक असतो. त्यावरून दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

असं मशीन सामानात भरून पुण्याला न्यायचा विचार अधूनमधून कुणाच्या तरी डोक्यात येतो. ११५ व्होल्टची मोटर २३० वर लावली तर काही क्षणांत जाते. २३० चं ११५ करणारा किमान १५०० ते २००० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्याचं वजन मोअरच्या जवळपास जाईल. कार्बनवाल्या मोटरला ५० हर्ट्झचा फरक पडत नाही. इंडक्शन मात्र ३४५० ऐवजी २८५० च्या आसपास फिरते, नीट कापत नाही आणि जास्त तापते.

ज्या मशीनचा स्पेसर मिळत नाही, डेकला आरपार चीर आहे किंवा मेगरवर आकडा वर येत नाही, ते दुरुस्त करत बसू नये. चाकं, पातं, कार्बनचे होल्डर काढून ठेवावेत आणि उरलेलं भंगारात द्यावं. कर्बवर ठेवायचं असेल तर वायर मोटरच्या टोपणाला भिडवून कापून टाका, म्हणजे रस्त्यावरून उचलून नेणारा ते घरी जाऊन प्लगला लावणार नाही.